इंजिन का बसतं आणि किती टिकतं?

जुनी मोटारसायकल घ्यायला गेलेला माणूस पहिला प्रश्न रीडिंगचा विचारतो. ‘किती चाललीय?’ चाळीस हजार म्हटलं की त्याचा चेहरा खुलतो, नव्वद हजार म्हटलं की तो भाव पाडून मागतो. त्याच्या मनातला हिशेब असा असतो, की इंजिनाचं आयुष्य ठरावीक किलोमीटरचं आहे आणि मागच्या मालकाने त्यातलं बरंचसं वापरून टाकलं आहे.

पण कुठल्याही चालत्या गॅरेजात अर्धा दिवस बसलं की हा हिशेब कोलमडतो. एकाच कंपनीच्या, एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्या शेजारी उभ्या असतात. एकीचं हेड लाख किलोमीटरनंतरही उघडलेलं नसतं आणि दुसरीचं तीस हजारांतच बोअर-पिस्टनचं काम निघालेलं असतं. लोखंड तेच, ॲल्युमिनियम तेच, कारखानाही तोच. मग एवढा फरक पडतो कशाने? हे समजून घ्यायचं तर आधी इंजिन एका किलोमीटरमागे किती काम करतं ते मोजलं पाहिजे.

१. एका किलोमीटरमागचं काम

भारतातलं सर्वांत ओळखीचं इंजिन घेऊ. हिरो होंडाची सीडी १०० १९८५ मध्ये बाजारात आली. तिचं ९७.२ सीसीचं इंजिन पुढे १९९४ च्या स्प्लेंडरमध्ये आलं आणि सुधारणा होत होत अनेक मॉडेलांत पोचलं. त्याच्या सिलिंडरचा आतला व्यास, म्हणजे बोअर, ५० मिलिमीटर. पिस्टन तळापासून वरच्या टोकापर्यंत जेवढा सरकतो तो स्ट्रोक, ४९.५ मिलिमीटर. क्रँकचा एक फेरा पूर्ण होतो तेव्हा पिस्टन एकदा वर जातो आणि एकदा खाली येतो. म्हणजे एका फेऱ्यात तो सिलिंडरच्या भिंतीवरून ९९ मिलिमीटर सरकतो.

टॉप गियरमध्ये ताशी ५० किलोमीटरने चालताना हे इंजिन मिनिटाला अंदाजे साडेपाच हजार फेरे घेतं. या वेगाने एक किलोमीटर जायला सव्वा मिनिटाच्या आत वेळ लागतो, तेवढ्यात सुमारे ६,६०० फेरे होतात. ६,६०० ला ९९ मिलिमीटरने गुणलं की ६५० मीटर येतात. रस्त्यावर गाडी एक किलोमीटर पुढे जाते तेव्हा आतला पिस्टन साडेसहाशे मीटर सरकलेला असतो. लाख किलोमीटरला हे अंतर ६५,००० किलोमीटर भरतं. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर आहे. बोटभर उंचीच्या सिलिंडरात तो पिस्टन पृथ्वीच्या दीड प्रदक्षिणेहून जास्त अंतर कापतो.

आता फट पाहा. नव्या इंजिनात पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये साधारण ०.०२ ते ०.०४ मिलिमीटर जागा असते. माणसाचा केस सुमारे ०.०७ मिलिमीटर जाड असतो. ही फट ०.१ मिलिमीटरच्या आसपास गेली की बहुतेक कंपन्यांच्या सर्व्हिस पुस्तिकेत बोअर करायला, म्हणजे सिलिंडर आतून खरडून मोठा करायला, सांगितलेलं असतं. पासष्ट हजार किलोमीटर घासल्यावरही झीज केसाच्या जाडीएवढ्या मर्यादेत राहते. एका धातूवर दुसरा धातू खरोखर घासत असता तर हे शक्यच झालं नसतं. इंजिन धड चालत असतं तेव्हा हे दोन धातू बहुतांश वेळ एकमेकांना लागतच नाहीत.

२. मधला थर

पावसाळ्यात पाणी साचलेल्या रस्त्यावर वेगात गेलं तर टायर पाण्यावर तरंगतो आणि रस्त्याशी त्याचा संबंध तुटतो. दुचाकीस्वाराला हे जीवावर बेतणारं असतं. इंजिनात मात्र हीच गोष्ट मुद्दाम घडवून आणलेली असते. एक भाग दुसऱ्यावरून वेगाने सरकू लागला की मधलं तेल पाचरीसारखं आत ओढलं जातं, त्याच्यात दाब तयार होतो आणि तो दोन्ही भागांना वेगळं ठेवतो. हा थर काही मायक्रॉनचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

थर टिकण्यासाठी तीन गोष्टी लागतात: भागांचा पुरेसा वेग, तेलाचा योग्य जाडपणा आणि मुळात तिथे तेल असणं. या तिन्हींतली एकही कमी पडली की धातूला धातू लागतो. म्हणून सिलिंडरची झीज सगळीकडे सारखी होत नाही. पिस्टन वरच्या टोकाला क्षणभर थांबतो, तिथे वेग शून्य होतो, उष्णताही सर्वांत जास्त असते. जुना सिलिंडर हातात घेऊन आतून बोट फिरवलं तर वरच्या काठाजवळ एक बारीक पायरी नखाला लागते. पिस्टनवरची रिंग जिथपर्यंत पोचते तिथपर्यंत भिंत झिजलेली असते आणि त्याच्या वर मूळ माप शिल्लक असतं. ती पायरी जाणवली की अनुभवी मेकॅनिक मोजपट्टी न लावताच मान हलवतो.

सकाळच्या पहिल्या किकचं महत्त्वही यातच आहे. रात्रभरात वरचं तेल निथळून खाली आलेलं असतं. इंजिन सुरू झाल्यावर ते पुन्हा वर, हेडमधल्या, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत पोचायला काही क्षण जातात. त्या क्षणांत ॲक्सिलरेटर पिळणं हे इंजिनाच्या आयुष्यातलं सर्वांत महागडं काम आहे. रोज एकदा सुरू होऊन साठ किलोमीटर जाणाऱ्या गाडीपेक्षा दिवसातून दहा वेळा थंड सुरू होऊन वीस किलोमीटर फिरणारी गाडी जास्त झिजू शकते. रीडिंगवर हे दिसत नाही.

कॅमशाफ्टपर्यंत तेल पोचवण्याचं काम सोपं नाही, याचा अनुभव खुद्द होंडाने घेतला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या तिच्या व्हीएफ ७५० मालिकेतल्या व्ही-फोर इंजिनांचे कॅम अकाली झिजू लागले, त्यांच्यावर खड्डे पडू लागले. कॅमच्या बेअरिंगांची घडण आणि तिथवर येणारं तेल या दोन्हींवर बोट ठेवलं गेलं. सुधारणा करून पाहिल्यावर होंडाने १९८६ च्या व्हीएफआर ७५० एफमध्ये नव्याने आखलेलं इंजिन दिलं, ज्यात कॅम चेनऐवजी गियरवर चालत होते. ती गाडी पुढे टिकाऊपणासाठीच नावाजली गेली. अब्रू गेली म्हणून मुळापासून आखणी बदलणारी कंपनी विश्वासाला पात्र ठरते, हे त्या व्हीएफआरने दाखवून दिलं.

३. जेमतेम एक लिटर

शंभर सीसीच्या इंजिनात तेल किती मावतं? जेमतेम एक लिटर. मोटारीत तीन-चार लिटर तेल असतं आणि दाब कमी झाला की डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. बहुतेक छोट्या मोटारसायकलींना तसा दिवा नसतो. असते ती फक्त डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची काठी.

आता एक साधा हिशेब. समजा, इंजिन थोडं जुनं झालंय आणि ५०० किलोमीटरमागे १०० मिलिलिटर तेल जाळतंय. एवढ्याने धूर फारसा दिसत नाही, पिकअपही कमी होत नाही. मालक काटेकोर आहे, दर ३,००० किलोमीटरला न चुकता ऑईल बदलतो. पण मधल्या काळात काठी कधी बघत नाही. ३,००० किलोमीटर होईपर्यंत ६०० मिलिलिटर तेल जळून गेलेलं असतं. शेवटचे काही शे किलोमीटर गाडी अर्ध्याहून कमी तेलावर धावते, आणि जे थोडं उरलंय तेच सगळी उष्णता, काजळी आणि धातूचा चुरा वाहत असतं. गॅरेजात ड्रेन बोल्ट उघडल्यावर ट्रेमध्ये किती तेल पडलं, हे सहसा कुणी मोजत नाही. नवं एक लिटर भरलं जातं आणि पुढचं चक्र सुरू होतं. ‘मी तर वेळेवर सर्व्हिसिंग करत होतो’ असं सांगणाऱ्या मालकाचं इंजिन बसतं ते असं.

सीडी १०० ची जाहिरात एका पिढीला पाठ होती: ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’. ती पेट्रोलबद्दल होती, आणि गाडीने तो शब्द पाळलाही. पण अनेक घरांत तोच नियम तेलालाही लागू झाला, आणि त्याची किंमत इंजिनांनी मोजली.

तेल कमी होतं तसं ते बिघडतंही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. ते वाफेच्या रूपात सायलेन्सरमधून निघून जातं, पण थोडी वाफ रिंगांच्या फटींतून खाली तेलात उतरते. इंजिन नीट तापलं तर ती पुन्हा उडून जाते. घरापासून दुकानापर्यंत दोन किलोमीटर आणि परत, एवढंच फिरणाऱ्या गाडीचं इंजिन मात्र पुरतं तापतच नाही. थंडीत अशा गाडीचं ऑईल झाकण काढून पाहिलं तर आतून दुधाळ, सायीसारखा थर दिसतो. तो तेलात मिसळलेल्या पाण्याचा असतो. म्हणून कमी चालणाऱ्या गाडीचं तेल किलोमीटर भरायची वाट न पाहता महिन्यांवर बदलायचं असतं.

तेल कुठलं घालावं, यावर गॅरेजागणिक मतं मिळतात. पाळायचे नियम दोनच. डब्यावरचा आकडा, म्हणजे १० डब्ल्यू ३० किंवा २० डब्ल्यू ४०, गाडीच्या पुस्तिकेत दिलाय तोच हवा. आणि गियरच्या मोटारसायकलसाठी डब्यावर ‘जासो एमए’ हा जपानी मानकाचा शिक्का हवा, कारण इथे क्लच प्लेटा त्याच तेलात बुडालेल्या असतात. घर्षण फार कमी करणारं मोटारीचं तेल घातलं तर त्या प्लेटा घसरू लागतात.

४. नऊ हजार लिटर हवा

पेट्रोल जाळायला हवा किती लागते, याचा अंदाज फार थोड्यांना असतो. एक लिटर पेट्रोलला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. एवढी हवा एअर फिल्टरमधून गाळून घ्यायची असते. खडीच्या रस्त्यावर, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरमागे किंवा खाणपट्ट्यात त्या हवेत जी धूळ असते, तिच्यात वाळूचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे कण असतात. क्वार्ट्‌झ सिलिंडरच्या लोखंडापेक्षा कठीण असतं. फाटलेल्या फिल्टरमधून किंवा फिल्टरच्या खोक्याच्या सैल झाकणातून ते आत गेले की तेलात मिसळून रिंगा आणि भिंत दोन्ही घासून काढतात.

मायलेज वाढावं किंवा आवाज दमदार यावा म्हणून फिल्टर काढून गाडी चालवणारे आजही दिसतात. हे कधीही करू नये.

५. पिस्टन धरतो तेव्हा

‘इंजिन बसलं’, ‘पिस्टन धरला’, ‘सीज झालं’ या तिन्ही शब्दांनी गॅरेजात एकच प्रकार सांगितला जातो. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि सिलिंडरचा आतला लायनर लोखंडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ५० मिलिमीटरचा पिस्टन १०० अंशांनी तापला तर त्याचा व्यास साधारण ०.१ मिलिमीटरने वाढतो, लोखंडी लायनरचा त्याच्या निम्म्याने. मूळ फट तर ०.०३ मिलिमीटरची! म्हणून पिस्टन पूर्ण गोल बनवलेला नसतो. तो किंचित लंबगोल आणि माथ्याकडे किंचित निमुळता असतो, म्हणजे तापल्यावर त्याला योग्य आकार येतो. डोळ्यांना हे दिसत नाही, मायक्रोमीटर लावला की कळतं.

ही आखणी पिस्टन आणि सिलिंडर बरोबरीने तापतील असं धरून केलेली असते. थंड इंजिन सुरू करून लगेच पिळलं की पिस्टन झटकन तापतो, सिलिंडर अजून गार असतो आणि फट संपते. उलट टोकाला, मे महिन्यात दोन माणसं आणि सामान घेऊन खालच्या गियरमध्ये घाट चढताना हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला वारा पुरत नाही. सिलिंडरवरच्या फिनांमध्ये चिखल वाळून बसला असेल तर हाल आणखी वाढतात. तेलाचा थर फाटतो, ॲल्युमिनियम वितळून लायनरला चिकटतं आणि मागचं चाक धावत्या गाडीत अडकतं. अशा क्षणी क्लच दाबणं हे पहिलं काम. इंजिन मागाहून बघता येतं.

टू-स्ट्रोकच्या जमान्यात घाट उतरतानाही हा धोका होता. जावा-येझदी, राजदूत आणि जुन्या स्कूटरींमध्ये तेल पेट्रोलमध्येच मिसळून टाकलं जाई. पंपावर माप टाकून ‘टू-टी’ ओतलेलं अनेकांना आठवत असेल. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरताना ॲक्सिलरेटर बंद आणि गाडी गियरमध्ये, म्हणजे इंजिन जोरात फिरतंय पण पेट्रोल जवळजवळ येत नाही. पेट्रोल नाही म्हणजे तेलही नाही. जाणते चालक उतारावर मधूनमधून क्लच दाबून एकदा रेस देत. आवाजाची हौस म्हणून कुणी तसं करत असेल असं बघणाऱ्याला वाटे, पण त्या एका रेसने पिस्टनला तेल मिळत असे.

६. नॉर्टनचा धडा

काही इंजिनं मालकाच्या चुकीने जात नाहीत. त्यांच्या आखणीतच आयुष्य कमी झालेलं असतं. ब्रिटनच्या नॉर्टन कमांडोचा इतिहास यासाठी वाचण्यासारखा आहे. ही ७५० सीसीची जोडसिलिंडर गाडी १९६८ ते १९७२ अशी सलग पाच वर्षं ‘मोटर सायकल न्यूज’ या साप्ताहिकाच्या वाचकांनी वर्षातली सर्वोत्तम गाडी म्हणून निवडली होती. जपानी गाड्यांशी टक्कर द्यायला १९७२ मध्ये कंपनीने तिच्यात ‘कॉम्बॅट’ इंजिन घातलं. कॉम्प्रेशन १० ला १ पर्यंत वाढवलं आणि ६,५०० फेऱ्यांना ६५ अश्वशक्तीचा दावा केला. काही हजार मैलांतच मेन बेअरिंगं जाऊ लागली.

कारण समजायला एक नियम पुरेसा आहे. पिस्टनला दर फेऱ्यात दोनदा थांबवून उलट दिशेला ओढावं लागतं, आणि ही ओढ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फेरे १० टक्क्यांनी वाढले तर ओढ २१ टक्क्यांनी वाढते. आपल्या शंभर सीसीच्या इंजिनात साडेपाच हजारांवरून आठ हजारांवर गेलं तर ती दुपटीहून जास्त होते. आठ हजार फेऱ्यांना पिस्टनला गुरुत्वाकर्षणाच्या दोन हजारपटींहून अधिक झटका बसतो. १०० ग्रॅमच्या पिस्टनने कनेक्टिंग रॉडला २०० किलोहून जास्त जोराने ओढावं, तसा.

कमांडोचा क्रँक दोनच बेअरिंगांवर, दोन टोकांना टेकलेला होता. वाढलेल्या जोराने तो मध्ये किंचित वाकू लागला. सरळ रोलर असलेल्या बेअरिंगात क्रँक वाकला की रोलरच्या कडा खाचेत रुततात. उपाय निघाला तो ‘सुपरब्लेंड’ नावाच्या बेअरिंगाचा. त्याचे रोलर टोकांकडे हलकेच गोलावलेले होते, त्यामुळे क्रँक वाकला तरी कडा रुतत नसत. दुरुस्ती रास्त होती, पण वॉरंटीचा खर्च आणि गेलेलं नाव या दोन्हींनी आधीच अडचणीत असलेल्या कंपनीला जबर फटका दिला.

यातून एक उपयोगी माप हाती येतं: पिस्टनचा सरासरी वेग. कमांडोचा स्ट्रोक ८९ मिलिमीटर. ६,५०० फेऱ्यांना पिस्टन सेकंदाला १९ मीटरहून जास्त वेगाने धावतो. सीडी १०० चा पिस्टन कमाल ताकदीच्या ८,००० फेऱ्यांनाही १३ मीटरच्या आसपास राहतो, आणि रोजच्या ताशी पन्नासला तर ९ मीटर. फेरे जास्त दिसतात, पण स्ट्रोक आखूड आणि पिस्टन हलका असल्याने आतल्या भागांवरचा ताण कमी असतो. यामागे होंडाच्या १९५८ च्या सुपर कबपासून चालत आलेला विचार आहे: छोटं इंजिन, हलके भाग, आणि प्रत्येक भागाच्या ताकदीत थोडी शिल्लक. त्या सुपर कबच्या घराण्याने २०१७ मध्ये १० कोटी गाड्यांचा टप्पा ओलांडला. टिकाऊपणा शोधणाऱ्याने अश्वशक्तीच्या आकड्याआधी हे गणित बघावं.

७. बारा मिलिलिटर पाणी

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाण्याखाली गेलेल्या गाड्यांपैकी कितीतरी गाड्यांचं खरं नुकसान पुरात झालंच नाही. ते दुसऱ्या दिवशी बटण दाबल्यावर झालं.

हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. ९ ला १ कॉम्प्रेशनच्या ९७ सीसी इंजिनात पिस्टन वरच्या टोकाला असताना त्याच्या डोक्यावर किती जागा उरते? ९ ला १ म्हणजे वरची जागा एक भाग आणि पिस्टन सरकतो ती जागा आठ भाग, म्हणून ९७ ला ८ ने भागायचं: सुमारे १२ मिलिलिटर, म्हणजे अडीच चहाचे चमचे. सिलिंडरात याहून जास्त पाणी असेल तर पिस्टन वर जाऊच शकत नाही. स्टार्टर मोटर जोर लावते, किंवा धावत्या गाडीचा वेग जोर लावतो, आणि मग कनेक्टिंग रॉड वाकतो.

म्हणून बुडालेली गाडी स्टार्ट करून बघायची नाही. प्लग काढायचा, हाताने किंवा किकने इंजिन हळू फिरवून पाणी बाहेर काढायचं, एअर फिल्टर बदलायचा, पेट्रोल आणि ऑईल दोन्ही ओतून टाकायचं. काढलेलं ऑईल दुधाळ असेल तर नवं भरून थोडं चालवून पुन्हा एकदा बदलायचं.

८. धूर आणि आवाज

अचानक बसलेल्या इंजिनानेही बहुधा महिनाभर आधीपासून काही सांगितलेलं असतं. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. उभी असलेली गाडी सुरू करताना एकदाच भपकारा येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्हच्या सीलकडे बघावं. रेस देताना सतत येत असेल तर रिंगा किंवा बोअर. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. थंडीच्या सकाळी येणारी पांढरी वाफ गाडी तापल्यावर गेली तर काळजीचं कारण नाही.

आवाजाचं शास्त्र लिहून शिकवता येत नाही, तरी एवढं लक्षात ठेवावं: हेडमधून येणारी बारीक टकटक बहुधा टॅपेटची, बाजूने येणारी खळखळ टायमिंग चेनची, आणि खालून, पायाला जाणवेल असा ठोका आला तर तो क्रँकच्या बिगएंडचा, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो त्या सांध्याचा. पहिले दोन थोडे दिवस थांबू शकतात. तिसरा ऐकल्यावर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये, टेम्पोत घालून न्यावी.

टॅपेटबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. आवाज नको म्हणून मालक टॅपेट घट्ट करून मागतात. टॅपेटमध्ये कागदाच्या जाडीहूनही कमी फट मुद्दाम ठेवलेली असते. ती बुजली की तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. व्हॉल्व्ह बंद झाल्यावरच त्याची उष्णता बैठकीतून हेडमध्ये जाते; तो बंदच झाला नाही तर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह कडेने जळत जातो. थोडी टकटक करणारं इंजिन वर्षानुवर्षं चालतं. घट्ट टॅपेटचं इंजिन शांतपणे कॉम्प्रेशन गमावत जातं.

९. इंजिन उतरवायची वेळ आली तर

लोखंडी लायनरच्या गाडीला बोअर मारता येतो. पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर जास्त मापात मिळतात, म्हणजे एकच सिलिंडर अनेकदा नवा करून घेता येतो. बोअर झाल्यावर भिंतीवर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा ओढाव्या लागतात, त्यांत तेल टिकतं. आरशासारखा चकचकीत सिलिंडर म्हणजे काम अर्धवट. अलीकडच्या बऱ्याच ताकदवान गाड्यांत लोखंडी लायनरऐवजी ॲल्युमिनियमच्या भिंतीवर निकेल-सिलिकॉन कार्बाइडसारखा कठीण थर असतो. तो फार कमी झिजतो, पण त्याला साधा बोअर मारता येत नाही. ब्लॉक आणि पिस्टनची जोडीच बदलावी लागते. गाडी घेतानाच हे विचारून ठेवलं तर पुढचा खर्च धक्का देत नाही.

काम टाकताना मेकॅनिककडून तीन गोष्टी मागाव्यात. सिलिंडरची मापं वर, मध्ये आणि खाली घेऊन कागदावर लिहून द्यावीत. ‘हाफ इंजिन’, म्हणजे फक्त वरच्या भागाचं काम, पुरेल की क्रँकही उघडावा लागेल, हे रॉड हातात धरून हलवून दाखवावं. आणि जुना पिस्टन परत द्यावा.

तो पिस्टन उजेडात धरून बघा. चारही बाजूंना उभे चरे असतील तर तो तापून फुगला होता. फिना, पेट्रोल-हवेचं मिश्रण आणि थंड इंजिन पिळण्याची सवय तपासा. रिंगांच्या खाली सगळीकडे राखाडी, मंद झीज असेल तर धूळ आत गेली आहे; फिल्टरचं खोकं आणि त्याचा रबरी पाइप बघा. चरे स्कर्टवर एका बाजूला आणि तळाकडे असतील तर तेल कमी पडलं होतं; तेल का संपलं आणि पंपाची जाळी तुंबली होती का, हे आधी शोधा. यातलं कारण सापडेपर्यंत नवा पिस्टन बसवू देऊ नका.